टोल्यावरची मोटर

“बोअरमध्ये दोनशे फुटांवर सोडलेली मोटर मी मोजू कशी, साहेब?”

शाखा अभियंत्याचा प्रश्न नियमाला धरून होता. डोळ्यांनी न पाहिलेल्या कामाची नोंद मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे आमच्या रोजच्या भाषेत एमबीत, करता येत नाही. मोटर चालू होती. टोल्यावरच्या, म्हणजे जंगलातल्या छोट्या वस्तीवरच्या, टाकीत पाणी पडत होतं, बाया गुंड भरून नेत होत्या. पण एमबी नाही म्हणून मूल्यांकन नाही, मूल्यांकन नाही म्हणून देयक नाही, आणि देयक नाही म्हणून सरपंचबाईंनी उधारीवर आणलेली ती मोटर दप्तरात कुठेच नव्हती.

मी नागपूर जिल्ह्यात विस्तार अधिकारी (पंचायत) होतो, आता निवृत्त आहे. प्रकरण एप्रिल २०२३ मधलं. गावाचं आणि तालुक्याचं नाव मुद्दाम देत नाही. शेजारशेजारच्या दोन पंचायतींत घडलेलं इथे एकत्र केलंय आणि गावातल्या रकमा, आकडे गोल करून दिलेत. कायद्यातले आणि अनुदानातले आकडे मात्र जसे आहेत तसेच.

चार वस्त्या, एक रिठी

जिल्ह्याच्या उत्तरेला, पेंचच्या जंगलाच्या कडेला असलेली ही गट ग्रामपंचायत. महसुली दप्तरात गावं तीन. त्यातलं एक रिठी: शिवार आहे, सातबारे आहेत, घर एकही नाही. उरलेल्या दोन गावांच्या चार वस्त्या. मूळ गाव, त्याला चिकटून असलेला मोहल्ला, जंगलाच्या आत चार किलोमीटरवरचा नवाटोला, आणि त्याच्याही पलीकडे आठ-दहा घरं, ज्यांना लोक नुसतं ‘वरची घरं’ म्हणतात. सगळी मिळून लोकसंख्या नऊशेच्या आसपास, मतदार साडेसहाशे. टोल्यावर बहुतेक गोंड कुटुंबं, मूळ गावात मिश्र वस्ती.

नागपूर जिल्हा म्हटला की डोळ्यांपुढे शहर येतं, आणि आकडेही तसंच दाखवतात. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४६ लाख ५३ हजार, त्यातले २४ लाख एकट्या महानगरपालिकेच्या हद्दीत. जिल्ह्याचं क्षेत्रफळ ९,८९२ चौरस किलोमीटर, त्यामुळे घनता दर चौरस किलोमीटरला ४७० निघते. शहर बाजूला काढलं की ती निम्म्यावर येते. त्यातूनही कामठी, उमरेड, सावनेर अशी गावं काढली आणि पेंचच्या बाजूला सरकलो की घनता हा शब्द वापरायला संकोच वाटावा अशी परिस्थिती. तिकडे एका वस्तीतली माणसं दुसऱ्या वस्तीच्या कोंबड्याचा आवाज ऐकत नाहीत.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ मध्ये सदस्यसंख्या लोकसंख्येवर ठरते. दीड हजारापर्यंत ७ सदस्य, पुढे वाढत वाढत १७. म्हणजे इथे सात सदस्य आणि वर थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंच. सरपंचबाई नवाटोल्याच्या. डिसेंबर २०२२ च्या निवडणुकीत निवडून आल्या, चाळिशीच्या आतल्या, दहावीपर्यंत शिकलेल्या, त्याआधी बचत गटाचं दप्तर सांभाळायच्या. उपसरपंच मूळ गावचे, तिसऱ्यांदा सदस्य झालेले. ग्रामसेवकाकडे अशा तीन ग्रामपंचायतींचा कार्यभार, त्यामुळे इथे त्याचा वार मंगळवार. (२०२४ मध्ये शासनानं ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं मिळून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं एक पद केलं. नाव मोठं झालं, मंगळवार मंगळवारच राहिला.)

पंचायतीचा पगारी माणूस एक. तोच शिपाई, तोच पाणी सोडणारा, तोच दवंडी देणारा, आणि तो राहायला मूळ गावात.

इथे एक आडवाट. याच जिल्ह्यात नरखेड तालुक्यात मोवाड आहे. लोकसंख्या दहा हजारांच्या आत, पण तिथे नगर परिषद आहे, आणि ती इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली. आजच्या १९६५ च्या नगर परिषद अधिनियमात साधी नगर पंचायत करायलाही किमान दहा हजार लोकसंख्या लागते, म्हणजे मोवाड आज नव्यानं मागायला गेलं तर दारातून परत येईल. तरीही मोवाडला मुख्याधिकाऱ्याचं पद आहे, पाणीपुरवठ्याचा, कराचा वेगळा कर्मचारी आहे. स्थानिक संस्थेला कोणती यंत्रणा मिळते हे गरजेपेक्षा तिच्या इतिहासावर जास्त ठरतं. आमच्या टोल्याचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नव्हता.

डायरेक्ट केलेली मोटर

नवाटोल्यावर तीस-बत्तीस घरं. पाण्यासाठी एक बोअर, त्यात दीड एचपीची सबमर्सिबल, आणि उंच चबुतऱ्यावर प्लॅस्टिकची टाकी. शिवाय एक हापशी, जी एप्रिल लागला की पाण्याऐवजी हवा ओकते.

मूळ गावच्या नळयोजनेची पाइपलाइन टोल्यापर्यंत का नाही, असं नागपुरात बसून कुणीही विचारेल. मधले चार किलोमीटर जंगल आहे म्हणून. तसा वनहक्क कायदा २००६ इथे मदतीला येतो. त्याच्या कलम ३(२) खाली शाळा, अंगणवाडी, पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन अशा तेरा प्रकारच्या कामांना वनजमीन देता येते, प्रत्येक कामाला एक हेक्टरपर्यंत, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नसतील तर. पण त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते, आणि त्या ग्रामसभेला निम्म्या सभासदांची उपस्थिती. ती उपस्थिती कशी जमते हे पुढे येईलच. शिवाय चार किलोमीटर पाइप बत्तीस घरांसाठी टाकायचा म्हटलं की अंदाजपत्रक करणाराच कॅल्क्युलेटर बाजूला ठेवतो.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मोटर बंद पडली. सगळ्यांनी विजेच्या दाबाला दोष दिला. दाब कमी असतो हे खरंच. पण नंतर स्टार्टरचं झाकण उघडलं तेव्हा मला दिसलं की ओव्हरलोड रिलेला वळसा घालून आत एक तांब्याची तार टाकलेली आहे. मोटर गरम झाली की रिले तिला बंद करतो. मोटर वारंवार बंद व्हायची म्हणून कुणीतरी ती ‘डायरेक्ट’ करून टाकली होती. ते कुणीतरी म्हणजे टोल्यावरचा एक विशीतला पोरगा. त्याला पंचायत एक रुपया देत नव्हती. पाणी सोडणारा कर्मचारी चार किलोमीटरवर राहतो, रोज दोनदा येऊन बटण दाबणं त्याला जमत नाही, म्हणून हा पोरगा बटण दाबायचा. दर वीस मिनिटांनी मोटर ट्रिप झाली की शेतातून पळत यायचा. एक दिवस कंटाळला आणि तार घातली.

तांत्रिक अहवालात मी ‘अयोग्य हाताळणी’ असं लिहिलं. कागदावर ते बरोबर आहे. पण तो पोरगा पगारी असता तर ती तार पडली नसती, हे त्या अहवालात लिहायला रकाना नव्हता.

मोटर बंद झाल्यावर बाया पुन्हा नाल्यावर जायला लागल्या. नाल्याच्या रेतीत झिरा खणायचा, वाटीवाटीनं गुंड भरायचा. पाणी पहाटे जास्त साचतं, म्हणून पहाटेच जायचं. हा भाग व्याघ्र प्रकल्पाच्या बफरला लागून. वनरक्षक सांगून गेला, उजाडल्याशिवाय नाल्यात उतरू नका, पगमार्क दिसलेत. आणि एप्रिल म्हणजे मोहफुलांचे दिवस. पहाटे मोह वेचायलाही जायचं, पाण्यालाही जायचं. बाईला दोनच हात.

टोल्यापासून पेंचच्या जलाशयाचा फुगवटा फार लांब नाही. त्याच नदीवरच्या नवेगाव खैरी धरणातून नागपूर शहराला पिण्याचं पाणी जातं. माझ्या घरच्या नळालाही तेच येतं. यावर मी भाषण देणार नाही. धरणाचं पाणी आणि टोल्याचं पाणी यांची खाती वेगळी, कायदे वेगळे आहेत. फक्त त्या दिवशी टोल्यावरून घरी येऊन हात धुताना मला ते आठवलं, एवढंच.

शिवलेला खिसा

आता पैशाकडे येऊ, कारण प्रकरणाची खरी गाठ तिथे आहे.

पंधराव्या वित्त आयोगाचं (२०२१-२६) अनुदान तेव्हा महाराष्ट्रात ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० पंचायत समितीला आणि १० जिल्हा परिषदेला. ग्रामपंचायतीच्या वाट्यातलं ६० टक्के बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्चायचं, ४० टक्के अबंधित. बंधितातलं निम्मं पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मं स्वच्छतेसाठी. राज्याराज्यांत वाटताना लोकसंख्येला ९० टक्के वजन आणि क्षेत्रफळाला १०. खाली गावापर्यंत येतानाही मुख्य माप डोक्यांचंच, आणि डोकी मोजलेली २०११ ची. नऊशे डोक्यांच्या पंचायतीला यातून वर्षाला पाच लाखांच्या आसपास पैसे मिळायचे.

पैसा डोक्यांवर येतो, खर्च मात्र मीटरवर होतो. दाट वस्तीच्या गावात शंभर मीटर पाइपवर वीस घरं लागतात. इथे शंभर मीटरवर एखादं. पथदिव्याचा खांब, नाली, कचऱ्याची गाडी, सगळ्याचं तेच. हा हिशेब मी नोकरीच्या पस्तीस वर्षांत किती बैठकांत मांडला असेन. ऐकणारे मान डोलवायचे आणि पुढचा विषय घ्यायचे. २०२१ पासून तर पथदिव्यांचं आणि पाणीपुरवठ्याचं वीजबिलही याच पैशातून भरा असं फर्मान आलं, तेव्हा त्या पाच लाखांनाही कात्री लागली.

स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर. दोनशे घरं, त्यातली बरीच मातीची. सगळी मिळून मागणी सत्तर हजारांच्या घरात, वसुली निम्मी. हद्दीतलं बहुतेक क्षेत्र जंगल, आणि जंगलाला घरपट्टी लागत नाही. हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींना कारखान्यांचा कर मिळतो. बुटीबोरी तर त्या जोरावर वाढून नगर परिषद झाली. तिथला सरपंच आणि इथल्या सरपंचबाई, दोघांना कायदा एकच, नमुने तेच, लेखापरीक्षण तेच.

वसूल झालेल्या पस्तीस हजारांतून नियमाप्रमाणे १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी बाजूला काढायचे. उरलं त्यातून कर्मचाऱ्याचा हिस्सा, कागद, शाई, प्रवास. एप्रिलमध्ये ग्रामनिधीच्या, म्हणजे या स्वतःच्या उत्पन्नाच्या, खात्यात साडेचार हजार होते. मोटर, केबल आणि काढण्या-सोडण्याची मजुरी मिळून खर्च वीस हजार.

बंधितच्या खात्यात मात्र लाखावर रक्कम पडून होती. पिण्याच्या पाण्याचीच होती. मग अडलं कुठे?

एक, ते काम त्या वर्षीच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात नव्हतं. ‘आमचा गाव आमचा विकास’ खाली ग्रामसभेनं आराखडा करायचा, तो ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर चढवायचा, मग त्यातल्याच कामावर खर्च. मोटर जळणार हे कुणी आधी आराखड्यात लिहीत नाही. खरं तर ‘पाणीपुरवठा देखभाल दुरुस्ती’ असं एक ढोबळ काम दरवर्षी टाकून ठेवायचं असतं, जुने ग्रामसेवक ते हमखास टाकतात. इथे राहून गेलं होतं.

दोन, डिजिटल सही. पैसे ऑनलाइन निघतात, ग्रामसेवकानं देयक तयार करायचं आणि सरपंचानं मान्य करायचं, दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. सरपंच नव्या, त्यांची सही फेब्रुवारीत तयार झाली. तेवढ्यात जुन्या ग्रामसेवकाची बदली झाली आणि नव्याची सही या पंचायतीला जोडायची राहिली. अर्ज गेला होता. वर कुठल्या टेबलावर होता ते मीही शोधून काढू शकलो नाही.

तीन, मूळ गावातला गैरसमज. मासिक सभेत विषय निघाला तसे उपसरपंच उसळले. “आमच्या सिमेंट रस्त्याचा पैसा टोल्यावर चालला म्हणून समजा.” रस्ता अबंधितमध्ये धरला होता, मोटर बंधितमधून होणार होती, दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. मी त्यांना म्हटलं, भाऊ, सदरा एकच आहे पण खिसे दोन आहेत, आणि पाण्याचा खिसा शिवलेला आहे, त्यातून रस्त्याला रुपया काढता येत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “खिसे दोन असो का चार, सदरा घातला कोणं ते पाहा ना साहेब.” सरपंच टोल्याची, काम टोल्याचं. खरा मुद्दा त्यांनी एका वाक्यात सांगितला होता आणि माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं.

कोरम

आराखड्यात काम घालायचं तर ग्रामसभा हवी. ग्रामसभेचा कोरम कायद्यानं एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. ऐकायला सोपं वाटतं. आता साडेसहाशे मतदारांचे १५ टक्के काढा, ९८ येतात. म्हणजे इथे दर सात मतदारांमागे एक माणूस सभेला हवा. नागपूरच्या वेशीवरच्या आठ हजार मतदारांच्या गावाला शंभर पुरतात, दर ऐंशीत एक. आणि ते ऐंशी एका चौकात राहतात.

आमच्या अठ्ठ्याण्णवांपैकी टोल्याच्या माणसानं सभेला यायचं म्हणजे चार किलोमीटर येणं, चार जाणं आणि दिवसाचा मोह बुडवणं. १ मेच्या ग्रामसभेला एकसष्ट सह्या झाल्या. सभा तहकूब. तहकूब सभेला कोरमची अट नसते, पण पुढची तारीख, पुन्हा नोटीस, पुन्हा दवंडी. शिवाय मे उजाडला की तेंदूपत्त्याचा हंगाम.

जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला इथे एक प्रश्न पडेल. आदिवासी टोला आहे तर पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लावा, टोल्याची स्वतंत्र ग्रामसभा करा. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळमधल्या अनुसूचित क्षेत्रांत ते शक्य आहे. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ चे, त्यात पाड्याला किंवा टोल्याला स्वतःचं गाव म्हणून घोषित होता येतं आणि आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधीही थेट मिळतो. पण नागपूर जिल्ह्यातलं एकही गाव अनुसूचित क्षेत्रात नाही. त्यामुळे पेसा इथे लागूच नाही. गोंड माणूस तोच, जंगल तेच, जिल्ह्याची हद्द ओलांडली की कायदा बदलतो.

टँकरचा विचार झाला. प्रस्ताव पंचायत समितीतून तहसीलला जायचा होता, आणि टोल्याकडे जाणारा रस्ता नाल्याच्या रेतीतून. भरलेला टँकर तिथे रुततो हे आदल्या उन्हाळ्यात सिद्ध झालेलं. विहीर अधिग्रहित करावी तर जवळपास एकच खासगी विहीर, आणि तिच्यात तळ दिसत होता.

१ मेची सभा अजून व्हायची होती, ती सोडली तर हे सगळं मोटर जळल्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी ग्रामपंचायत कार्यालयात आमच्यासमोर होतं. मी, ग्रामसेवक, सरपंचबाई. मी त्यांना सांगितलं की ताई, थोडं थांबा, १ मेला ग्रामसभा आहे, तोवर ग्रामसेवकांची सही जोडून येईल, पूर्वमंजुरीशिवाय खर्च केला तर तुमच्यावरच शेकेल. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ३९ त्यांना वाचून दाखवलं. गैरवर्तन, कर्तव्यात कसूर, पदावरून दूर करणं. तेव्हा या आकाराच्या गावच्या सरपंचाचं मानधन महिन्याला ३,००० रुपये होतं (सप्टेंबर २०२४ मध्ये ते दुप्पट झालं), त्यासाठी त्यांनी एवढी जोखीम घेऊ नये असं मला मनापासून वाटत होतं.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, “तुमचा कागद येईन तवा येईन साहेब. बाया पहाटे नाल्यात जाऊन राह्यल्या. कोणाले काही झालं तं ते कोणत्या खात्यात लिहाचं?”

माझा सल्ला नियमाप्रमाणे बरोबर होता. तो मी आजही चुकीचा म्हणणार नाही. पण सल्ला देऊन मी मोटरसायकलला किक मारली आणि जेवायच्या वेळेला घरी होतो.

दहा पाइप

दुसऱ्या दिवशी सरपंचबाईंनी तालुक्याच्या गावाहून मिस्त्री बोलावला. उधारीवर, स्वतःच्या शब्दावर. मला कळलं ते तिसऱ्या दिवशी, आणि तपासणी म्हणून गेलो तेव्हा मोटर वर येत होती.

तिपाई उभी केलेली, वर चेन-ब्लॉक. वीस फुटी जीआय पाइप एकेक करून वर यायचा, मिस्त्री पान्यानं कपलिंग सोडवायचा, टोल्याची दोन पोरं पाइप उचलून कडुनिंबाखाली ठेवायची. खालचा पाइप निसटू नये म्हणून क्लॅम्प लावताना सगळे श्वास रोखून उभे. सहाव्या पाइपनंतर पाइप ओले यायला लागले तसं एका म्हातारीनं हात लावून पाहिला. दहाव्याला मोटर आली, काळी पडलेली, जळक्या वार्निशचा वास. तार घालणारा पोरगा लांब मोहाच्या झाडाखाली बसला होता. त्याला कुणी काही बोललं नाही.

नवी मोटर संध्याकाळी सोडली. मिस्त्रीनं स्टार्टरमधली तार काढून खिशात टाकली आणि त्या पोराला जवळ बोलावून रिले कसा सेट करायचा ते दाखवलं. टाकीत पाणी पडायला लागलं तेव्हा अंधार झाला होता.

आता उधारी. लोकवर्गणी काढा असं सगळ्यांनी सुचवलं. घरामागे सहाशे-सातशे, विषय संपला. सरपंचबाईंनी ते केलं नाही, आणि या प्रकरणात मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं ते हेच. त्या टोल्यावर घरोघर गेल्या आणि म्हणाल्या, वर्गणी नको, घरपट्टीची थकबाकी भरा. टोल्याची चार-पाच वर्षांची बाकी होती. पाणी येत नाही तर पट्टी कशाची, म्हणून लोकांनी थांबवलेली. वर्गणीची पावती नसते, ती दप्तरात येत नाही, आणि उद्या कुणी विचारलं तर ‘टोल्यानं आपलं आपण केलं’ असं होतं. कराची पावती नमुना १० वर फाटते, पैसा रोकडवहीत जमा होतो, आणि त्यातून झालेला खर्च पंचायतीचा खर्च असतो. बत्तीस घरांपैकी चोवीस घरांनी भरलं. काहींनी मोहाच्या पैशातून, काहींनी तेंदूपत्त्याची मजुरी आल्यावर. बचत गटाचं दप्तर सांभाळल्याचा हा फायदा, असं ग्रामसेवक म्हणाला. मला वाटतं त्यात थोडी जिद्दही होती. टोला पंचायतीचा आहे हे तिला पावतीनिशी दाखवायचं होतं.

मेच्या शेवटी तहकूब ग्रामसभा झाली. चाळीसेक लोक आले. मोटरीच्या खर्चाला कार्योत्तर मंजुरीचा ठराव आला, टोल्याचा सूचक, आणि अनुमोदक म्हणून मोहल्ल्यातल्या एका बाईंनी हात वर केला. उपसरपंचांनी विरोध नोंदवला. त्याच सभेत सिमेंट रस्त्यालाही मान्यता मिळाली, तेव्हा त्यांचा आवाज जरा खाली आला.

ग्रामसेवकाची डिजिटल सही जूनमध्ये जोडली गेली. तोवर बंधितमधून देयक काढायची वेळ निघून गेली होती. अंदाजपत्रकाच्या आधी काम झालेलं, आणि मोटर दोनशे फूट खाली. शाखा अभियंता तेव्हाच आला आणि त्यानं तो सुरुवातीचा प्रश्न विचारला. मिस्त्रीचे पैसे शेवटी ग्रामनिधीतून दोन हप्त्यांत दिले, दुसरा हप्ता दिवाळीच्या आधी.

तक्रार आणि आक्षेप

पावसाळ्यात पंचायत समितीत तक्रार आली. सरपंचांनी विनाठराव, विनाअंदाजपत्रक स्वतःच्या वस्तीत काम करून पदाचा गैरवापर केला, कलम ३९ खाली कारवाई व्हावी. सही एका सदस्याची होती, अक्षर ओळखीचं होतं. चौकशी माझ्याकडेच आली.

मी पावत्या पाहिल्या, रोकडवही पाहिली, मिस्त्रीचा जबाब घेतला, टोल्यावरच्या बायांचे जबाब घेतले. अपहार नाही, वैयक्तिक लाभ नाही, प्रक्रियेतली त्रुटी आहे, असा अहवाल दिला. त्रुटीच्या खाली कारण म्हणून नाल्यावरच्या पाण्याचा परिच्छेद लिहिला होता, तो वरच्या टेबलावर ‘असंबद्ध’ म्हणून कापला गेला. कारवाई झाली नाही. मी पुढच्या वर्षी निवृत्त झालो.

उपसरपंचांबद्दल वाचकाच्या मनात राग आला असेल तर तो थोडा कमी करतो. मूळ गावचा सिमेंट रस्ता ते दोन पंचवार्षिक मागत होते. पावसात शाळेची पोरं त्या चिखलातून जायची. त्यांचा हिशेब साधा होता: सातशे माणसं इकडे राहतात, दोनशे तिकडे, मग पैसा कुठे जावा? डोक्यावर पैसा वाटणारी सगळी व्यवस्था हाच हिशेब करते, त्यांनी तो फक्त गावात मोठ्यानं बोलून दाखवला. पुढच्या आराखड्यात ‘पाणीपुरवठा देखभाल दुरुस्ती’ हे काम घालायला ठराव त्यांनीच मांडला. त्यांच्या मोहल्ल्याची मोटरही जुनी झाली होती.

टोल्यावरच्या पोराला पंचायत आता महिन्याला पाचशे रुपये देते, पाणीपट्टीतून. ते नियमात कुठे बसवायचं यावर ग्रामसेवकानं मला दोनदा फोन केला. मी त्याला सांगितलं ते इथे लिहीत नाही.

लेखापरीक्षण झालं तेव्हा आक्षेप निघाला. दोन ओळींचा: पूर्वमंजुरीशिवाय खर्च, तसेच ग्रामनिधीतून करावयाची १५, १० व ५ टक्के तरतूद पूर्ण न करता अन्य बाबींवर खर्च, अनुपालन सादर करावे. अनुपालन, म्हणजे आक्षेपाचं उत्तर, दिलं. समाधानकारक नाही म्हणून परत आलं. पुन्हा दिलं, पुन्हा परत आलं. तिसऱ्या वेळेस सरपंचबाई स्वतः कागद घेऊन नागपूरला माझ्या घरी आल्या. म्हणाल्या, “साहेब, तुम्ही थांबा म्हटलं होतं ना, मंग आता उत्तरही तुम्हीच लिहा.” आमच्या सौ.नी चहा केला. मी लिहायला बसलो.

सोबत काय काय जोडायचं ते त्यांनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं: चोवीस पावत्यांच्या स्थळप्रती, ठरावाची नक्कल, मिस्त्रीचं बिल, आणि मोटरीचं एक वर्षाचं वॉरंटी कार्ड. मी कार्डावरची तारीख पाहिली. मुदत संपून आठ महिने झाले होते. तरी तेही जोडलं, पान क्रमांक २७.